पांढरी चार, काळं एक

२ सप्टेंबर

आजोबांना काढलं!

सकाळी बॉयलरवाला रेडिओ छातीशी धरून लाँड्रीत आला. बॉयलर सोडून तो कधी येत नाही. मला वाटलं, वाफेचा पाइप फुटला. "गेले," म्हणाला. कोण गेलं म्हणून विचारलं. मग म्हणाला, "आजोबा. त्यांच्याच पक्षाने काढलं. निवडणूक आठ आठवड्यांवर आलीय आणि काढलं!"

आजोबा म्हणजे इथले पंतप्रधान. त्यांचं नाव आमच्यापैकी कुणाला धड उच्चारता येत नाही, म्हणून आजोबा. पांढऱ्या भुवया, आणि बोलता बोलता काय सांगत होतो तेच विसरायचे.

थोरली रफूच्या टेबलावर होती. एका घरात राहणाऱ्या आम्हा पाचांत वयाने मोठी, म्हणून थोरली. सुई चालूच. अर्ध्या तासाने तिच्याकडचा डॉक्टरी कोट माझ्याकडे तपासायला आला, तर खिशाचं तोंडच शिवून टाकलेलं! चौदा वर्षांत तिच्या हातून असं झालेलं नाही. मी गुपचूप टाके उसवले आणि कोट पुढे सरकवला.

माझं काम खिशांचं. अख्ख्या हॉस्पिटलचे कपडे आधी माझ्या टेबलावर येतात आणि जाताना पुन्हा एकदा येतात. खिशात हात घातल्याशिवाय मी कापड सोडत नाही. पेनं, गोळ्या, अर्धं चघळलेलं चॉकलेट, एकदा लग्नाची अंगठी. आता सवय इतकी की बसमध्ये शेजारच्याचा कोट दिसला तरी हात वळवळतो. एक दिवस मार खाणार मी.

३ सप्टेंबर

थोरली जेवली नाही. पंतप्रधान बदलला म्हणून कुणी उपाशी झोपतं का? पण तिचं तसं आहे.

चार वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला आजोबा आले होते. कोटाचं बटण तुटलं. सगळी धावपळ. कुणीतरी थोरलीला वर बोलावलं. तिने कोट अंगावर असतानाच, दोन मिनिटांत, बटण लावून दिलं. त्यांनी तिला विचारलं, किती वर्षं झाली इथे? "दहा." तर म्हणाले, "दहा वर्षं म्हणजे घरच झालं की."

त्या एका वाक्यावर ही बाई चार वर्षं जगली. टीव्हीवर ते दिसले की म्हणायची, "बटण अजून शाबूत आहे बघ."

आणि पुढे खरंच कायदा आणला त्यांनी. दहा वर्षं काम केलेल्याला इथे राहायचा कायमचा कागद. या महिन्याच्या वीस तारखेला मांडणार होते. थोरली, ड्रायव्हर, त्याची बायको, बॉयलरवाला, चौघंही वर्षावर्षाच्या कागदावर आहेत. दर वर्षी रांग, दर वर्षी फोटो, दर वर्षी छातीत धडधड. मीच तेवढी सुटले. मी आले तेव्हा वॉर्डात मदतनीस म्हणून आले, त्या कागदाला पुढे वाट होती. मागच्या वर्षी शपथ घेतली, नागरिक झाले. थोरली लाँड्रीच्या कागदावर आली. त्या कागदाला पुढे भिंत. काम दोघींचं एकाच छपराखाली, खोली एक, खाटांमध्ये हातभर अंतर.

तिने माझ्या शपथेच्या दिवशी माझ्या साडीला फॉल लावून दिला होता.

७ सप्टेंबर

वीस तारखेचा कायदा बारगळला. बॉयलरवाल्याने रेडिओ बंद केला. पहिल्यांदाच.

११ सप्टेंबर

पक्षाने नवी बाई आणली. आता निवडणुकीला तीच उभी. काल टीव्हीवर तासभर बोलली, पण कोटाला एक सुरकुती नाही! आम्ही पाचही जण लाँड्रीतले, आम्हाला दुसरं काय दिसणार? ड्रायव्हर म्हणाला, "ही बसते तरी का कधी?" तिथेच नाव पडलं, इस्त्रीबाई.

तिच्यासमोर विरोधी पक्षाचा चष्मेवाला. तो भाषणात दर दोन मिनिटांनी चष्मा पुसतो.

जेवताना चर्चा. ड्रायव्हर लाँड्रीची गाडी चालवतो, त्याला सगळं गाडीतूनच दिसतं. म्हणे, "गाडी तीच, मालक तोच. नुसता ड्रायव्हर बदललाय. रस्ता बदलत नाही, ताई." त्याची बायको घडीच्या टेबलावर असते, घडीसारखीच चोख बोलते. "ड्रायव्हर बदलला की आधी मागे बसलेल्यांना उतरवतात. मागे कोण बसलंय? आपण." सगळे हसलो. थोरली हसली नाही. म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला असं काढतात? निदान निवडणूक तरी होऊ द्यायची." ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, तुम्ही नात्यातल्यासारखं बोलता." ती म्हणाली, "बटण लावलंय मी."

१९ सप्टेंबर

नीट लिहिते.

इस्त्रीबाईचं भाषण झालं. दोन गोष्टी बोलली. एक — नागरिकांची अठरा वर्षांखालची मुलं परदेशात अडकली असतील, तर त्यांच्या फायली साठ दिवसांत निकाली. दोन — वर्षाच्या कागदावरचे लोक, कागद संपला की परत. नवा कागद नाही.

चष्मेवाल्याने लगेच उत्तर दिलं. तो कुणालाही परत पाठवणार नाही. पण सगळ्या जुन्या फायली नव्याने तपासणार. एक वर्ष लागेल म्हणाला.

एक वर्ष!

लेक माझी अठराची होते एकोणीस फेब्रुवारीला. त्या दिवसानंतर ती 'मूल' नाही. मग माझी फाइल बंद, तिने स्वतःच्या हिमतीवर यायचं, म्हणजे यायचंच नाही. तीन वर्षं ती फाइल कुणाच्या तरी टेबलावर पडून आहे. सहा वर्षांची असताना सोडून आले मी तिला. तिचा बाप आधीच गेलेला. भावाकडे ठेवली, वहिनीच्या हाती दिली. एअरपोर्टवर तिने माझ्या कोटाच्या खिशात हात घातला होता, तो बाहेर काढायला दोन माणसं लागली.

ड्रायव्हरची बायको माझ्याकडे बघत नव्हती, हे मला दिसलं. थोरली उठून चहा टाकायला गेली. पाच कप. माझ्यात साखर जास्त, मला लागते तशी.

मी आनंदले होते. हे या वहीतच लिहू शकते. चौघांना हाकलणारं भाषण ऐकून मी आतून आनंदले होते.

२० सप्टेंबर

लेकीला फोन. सांगितलं नाही काही. उगाच आशा लावायची आणि मग! "छकुली" म्हटलं तर वैतागली. "आई, छकुली म्हणू नकोस गं, मैत्रिणी ऐकतात." आवाज जाड झालाय. वहिनी मागून म्हणत होती, आईला सांग परीक्षेचं. सांगितलं. मग बोलायचं संपलं. ती ठेवत नव्हती, मीही ठेवत नव्हते.

शेवटी म्हणाली, "तुझ्याकडे थंडी पडली का?" अकरा वर्षं दर फोनला हेच विचारते. विषय संपले की थंडी.

२४ सप्टेंबर

बॉयलरवाल्याचा कागद जानेवारीत संपतो. थोरलीचा डिसेंबरमध्ये. मला हे पाठ आहे, ते मला पाठ नसतं तर बरं झालं असतं.

१ ऑक्टोबर

व्हायचं ते झालं. ड्रायव्हरने विषय काढला. "घरात मत एकच आहे, ताईंचं. माणसं पाच. मग ते मत कुणाचं?"

त्याची बायको म्हणाली, "मत ताईंचं. त्यात विचारायचं काय?" पण असं म्हणाली की त्यापेक्षा भांडली असती तर परवडलं.

बॉयलरवाला क्वचित बोलतो. म्हणाला, "कर आम्हीपण भरतो. मागे पूर आला तेव्हा हॉस्पिटलच्या चादरी तीन दिवस आम्हीच धुतल्या, हिरव्या कागदावाल्यांनी नाही." हिरवा कागद म्हणजे नागरिकाचा. माझाही हिरवाच. त्याच्या ते बोलल्यावर लक्षात आलं आणि कानापर्यंत लाल झाला.

आता लेकीचं नाव काढावं तर लेकरू पुढे करून दया मागितल्यासारखं होतं, न काढावं तर मी कोण? इतकी वर्षं या लोकांनी माझं सगळं केलं. टायफॉइड झाला तेव्हा थोरली नऊ दिवस माझ्या उशाशी होती.

मीच म्हटलं, "बटणं टाकू."

म्हटलं आणि जीभ चावली.

५ ऑक्टोबर

बटणांचं लिहून ठेवते. मशीनमध्ये कपडे घुसळले की बटणं तुटतात, जाळीत अडकतात. ती आम्ही वेचतो. डॉक्टरांच्या कोटांची पांढरी, वॉर्डबॉयच्या गणवेशाची काळी. घरी बिस्किटांचा मोठा डबा भरलाय. घरात काही ठरवायचं तर प्रत्येकाने एक पांढरं, एक काळं घ्यायचं. पांढरं म्हणजे हो, काळं म्हणजे नाही. मूठ बंद करून एक छोट्या डब्यात टाकायचं, दुसरं खिशात. कुणी काय टाकलं ते विचारायचं नाही. टीव्ही घ्यायचा का, भिंतीला कोणता रंग, थंडीत आधी आंघोळ कुणाची, सगळं असंच ठरलं. ड्रायव्हरने मिश्या ठेवाव्यात का हेही ठरलं. पाच काळी पडली. त्याचं स्वतःचंसुद्धा!

आज पांढरं म्हणजे चष्मेवाला, काळं म्हणजे इस्त्रीबाई. जे निघेल त्याला मी मत देणार. मी शब्द दिला.

डबा फिरत माझ्याकडे आला. दोन्ही बटणं मुठीत घामाने ओली. काळं टाकलं तर एकच निघणार आणि ते कुणाचं हे आंधळ्यालाही कळणार. मी पांढरं टाकलं. घाबरून टाकलं, उगाच मोठेपणा नको. चारचौघांत तोंड दाखवता यावं म्हणून.

ड्रायव्हरने डबा उलटा केला. पांढरी चार. काळं एक. कडेला टवका उडालेलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. ड्रायव्हरची बायको म्हणाली, "असू दे, आईचं काळीज आहे." मी काय सांगणार? काळं माझं नाही म्हणून? मग पांढरं का टाकलंस? आणि बटणांचं विचारायचं नाही, सांगायचंही नाही.

मग काळं कुणाचं? ड्रायव्हरचंच असणार. त्याला चेष्टा करायची सवय. नाहीतरी म्हणतच होता, इस्त्रीबाई बोलते छान.

थोरलीने बटणं गोळा केली, डब्यात परत ओतली आणि भांडी घासायला घेतली.

६ ऑक्टोबर

थोरलीने मुकादमबाईला विचारून एक बाद झालेलं लोकरी ब्लँकेट घरी आणलं. निळं, एका कोपऱ्यात जळकं. "कशाला गं?" तर म्हणे, "थंडी येतेय."

१५ ऑक्टोबर

चौघं माझ्याशी जास्तच चांगलं वागताहेत. बॉयलरवाला माझ्यासाठी गरम पाण्याची बादली ठेवतो. ड्रायव्हर म्हणतो, ताई, मतदानाला मी गाडीतून सोडतो, चालू नका. मला गिळवत नाही.

एका डॉक्टरच्या खिशात इस्त्रीबाईचं पत्रक निघालं. तिच्या चेहऱ्यावर पेनने मिश्या काढलेल्या. दुसऱ्याच्या खिशात चष्मेवाल्याचं, चार घड्या घालून जपलेलं. दोन्ही मी माझ्या खिशात टाकली.

२७ ऑक्टोबर

दिलं.

शाळेत केंद्र होतं. मुलांच्या बुटक्या खुर्च्या, भिंतीवर रंगवलेले मासे. टेबलामागच्या बाईने माझं नाव वाचायचा तीनदा प्रयत्न केला आणि मग हसून म्हणाली, "पहिल्यांदा?" मी मान हलवली. ती म्हणाली, "अभिनंदन."

पडद्याआड गेले. कागद एवढासा. पेन दोरीला बांधलेलं. मी उभी राहिले. बाहेर कुणीतरी खोकलं. मला वाटत होतं थोरलीचा चेहरा डोळ्यांपुढे येईल आणि हात आपोआप चालेल. नाही आला. आला तो माझ्या कोटाच्या खिशात घातलेला सहा वर्षांचा हात.

इस्त्रीबाईवर खूण केली.

घडी घातली, पेटीत टाकलं, बाहेर आले. इतकं हलकं असतं ते, काही टाकल्यासारखं वाटतच नाही. ड्रायव्हर गाडीत थांबला होता. बायकोला आणि थोरलीलाही घेऊन आला होता, कौतुकाने! "काय ताई, पांढरं ना?"

मी खिशात हात घालून उभी राहिले आणि म्हटलं, "पांढरं."

थोरलीने माझ्याकडे पाहिलं. गाडीत शेजारी जागा करून दिली. वाटेत माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. उतरेपर्यंत काढला नाही.

२८ ऑक्टोबर

इस्त्रीबाई निवडून आली. आमच्या भागातच एकवीस हजारांनी पुढे. म्हणजे माझं मत या पेटीत पडलं काय, त्या पेटीत पडलं काय, पानही हललं नसतं. शब्द पाळला असता तरी लेक आली असती, आणि न पाळून मी मात्र खोटारडी झाले. एकवीस हजारांना माझी गरज नव्हती. या चौघांना होती.

ड्रायव्हर म्हणाला, "ताई, तुम्ही तुमचं केलंत. आमचं नशीब." खरंच तसंच म्हणाला. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

१९ नोव्हेंबर

एकाच दिवशी दोन पाकिटं. माझं आणि थोरलीचं. पोस्टमनला काय माहीत!

माझ्यात — लेकीला परवानगी. पंधरा फेब्रुवारीपर्यंत देशात यावं.
थोरलीच्यात — बारा डिसेंबरपर्यंत देश सोडावा.

थोरलीने आधी माझं वाचून घेतलं. मग दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. "आली! आली गं तुझी पोर!" नाचलीच जवळजवळ. स्वतःचं पाकीट खाटेवर तसंच उपडं. मी म्हटलं, "थोरले, तुझं?" ती म्हणाली, "माझं काय, मला माहीतच होतं. तिकडे भाचा आहे. एक खोली देतो म्हणालाय. शिवणयंत्र ठेवण्यापुरती जागा झाली की झालं."

चौदा वर्षं. आणि एक खोली देतो म्हणालाय.

२४ नोव्हेंबर

थोरलीने लेकीची मापं मागितली. कोट शिवतेय त्या निळ्या ब्लँकेटचा! फोन लावला. लेक म्हणाली, "मावशींना सांग, मी आता उंच झालेय." वहिनीने मापं घेतली. खांदा, हात, छाती. वहिनीचा आवाज मध्येच चिरकला. अकरा वर्षं तिने वाढवली, आता मला अंगाची मापं सांगतेय. तिलाही मी काय देणार? मी इतक्या जणींची देणेकरी आहे की कुणाकडे मान वर करून बघायची सोय नाही.

थोरली कोटाला हात लावू देत नाही. शिवून होईपर्यंत बघायचा नाही म्हणे. मी कशाला बघतेय! त्या कोटाकडे मला बघवतच नाही.

३ डिसेंबर

सांगून टाकावं का? रोज ठरवते. खाटेवर पडल्या पडल्या हातभर अंतरावर ती असते. "थोरले, झोपलीस?" "नाही." "काही नाही, असंच." तीन वेळा झालं. काल तीच म्हणाली, "तुला काही बोलायचंय का?" मी म्हटलं, "थंडी वाढली."

सांगितलं तर ती जाताना काय घेऊन जाईल? माझं तोंड कायमचं खोटारडीचं. नाही सांगितलं तर मी काय घेऊन राहीन?

१० डिसेंबर

उद्या अकरा वाजता थोरली निघणार. ड्रायव्हर सोडायला जाणार. मुकादमबाईने स्वतःहून मला सुट्टी देऊ केली, "तुमची मैत्रीण जातेय ना." मी नको म्हटलं. पहाटेची पाळी मागून घेतली. घरी सांगितलं, सुट्टी मिळत नाही.

थोरली "अगंबाई" एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "सकाळी उठव मला, निघायच्या आधी. दोन शब्द बोलू."

"उठवते," म्हटलं.

११ डिसेंबर

नाही उठवलं.

पाचला निघाले. चपला हातात घेऊन, चोरासारखी. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. बॅग दाराशी, वर तिची कात्री नवी दोरी बांधून. खुंटीवर निळा कोट, तयार. मी दिव्याचं बटणही दाबलं नाही.

दिवसभर खिसे तपासले. अकरा वाजता भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, अकरा पाचला पाहिलं, सव्वाअकराला पाहिलं. रफूच्या टेबलावर मुकादमबाईने एका नव्या मुलीला बसवलं होतं. तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. मी जाऊन ओवून दिला. मग तिथेच, त्या मुलीसमोर, उभ्या उभ्या रडले. पोर घाबरली. "माझं काही चुकलं का?" म्हणाली.

घरी आले. खाट रिकामी, चादरीच्या घड्या करून ठेवलेल्या. ड्रायव्हरची बायको म्हणाली, "सारखी दाराकडे बघत होती. ताई मध्येच धावत येतील असं वाटत होतं तिला. गाडी सुरू झाल्यावरसुद्धा म्हणाली, दोन मिनिटं थांब."

१२ डिसेंबर

थोरली पोचली. ड्रायव्हरला फोन आला. मला नाही. मला कशाला करेल?

३ जानेवारी

बॉयलरवाला गेला. रेडिओ मला देऊन गेला. ड्रायव्हर आणि त्याची बायको एप्रिलपर्यंत. घरात आता बटणं टाकायची तर तीनच माणसं. त्यात मी एक.

इस्त्रीबाईच्या पक्षात म्हणे भांडणं सुरू झालीत, तिलाही काढणार. रेडिओवर ऐकलं. यांचं चालू दे.

१० जानेवारी

लेक सोळाला येते. थोरलीची खाट तिच्यासाठी आवरली. गादी उन्हात घातली. उशीखाली एक सुई सापडली, दोऱ्यासकट.

१६ जानेवारी

आली. झोपलीय थोरलीच्या खाटेवर, उताणी, तोंड उघडं, लहानपणी झोपायची तशी. सकाळचं लिहून ठेवते.

एअरपोर्टला मी दोन तास आधी पोचले. निळा कोट हातावर. महिनाभर खुंटीवरून काढला नव्हता, आज पहिल्यांदा हातात घेतला. अस्तर सगळं डॉक्टरी कोटांच्या तुकड्यांचं. उभ्या उभ्या सवयीने हात खिशात गेला. आत कापडाची पट्टी होती. घडीत एक काळं बटण, कडेला टवका उडालेलं. पट्टीवर कपड्यांवर नंबर घालायच्या मार्किंगच्या शाईने, थोरलीच्या त्या मोठाल्या अक्षरांत लिहिलेलं —

"डब्यातलं काळं माझं होतं. पोर आधी, मग आपण. आणि मतपेटीत तूही काळंच टाकलंस, ते मला तेव्हाच कळलं. खोटं बोलताना तू खिशात हात घालतेस. बरं केलंस. हे तोंडाने सांगणार होते. उठले तर तू गेलेली."

लेक दारातून बाहेर आली. माझ्यापेक्षा उंच. मला ओळखलं, धावली, मग दोन हातांवर थबकली.

"आई, रडतेस कशाला?"

"रडते कुठे? थंडी आहे गं," म्हटलं. माझे दोन्ही हात त्या कोटाच्या खिशात होते.